नो-गो

नाना, म्हणजे माझे वडील, गेल्यावर त्यांची काळी ट्रंक वर्षभर कुणी उघडली नव्हती. झाकणावर पांढऱ्या रंगात आर्मी नंबर, नाव, हुद्दा. रंगाचे पोपडे निघायला लागलेत. साताऱ्याच्या पावसाळ्यात बंद पेटीला जो कुबट वास धरतो, तो होताच. पण त्याच्या खाली आणखी एक वास होता, रायफलच्या तेलाचा. लहानपणी मला वाटायचं, हा वास नानांच्या अंगाचाच आहे. सुट्टीवर आले की घरभर तोच.

तळाशी, पेन्शनच्या कागदांखाली, चिंदीत गुंडाळलेल्या दोन पोलादी चकत्या सापडल्या. अंगठ्याच्या नखाएवढ्या. एकीवर पंचनं ठोकलेलं ‘गो’, दुसरीवर ‘नो-गो’. सरकारी माल नव्हे, हे आधीच सांगते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी इथल्या एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवर त्या वळवून घेतल्या होत्या. कशासाठी, असं आईनं विचारलं तेव्हा म्हणाले होते, “असूं दे की, हाताला सवय हाय.”

दोन्ही चकत्या हातात घेऊन मी खिडकीशी गेले. अजिंक्यतारा ढगात बुडालेला, उजेड जेमतेम. नुसतं बघून फरक कळत नाही. बोटांनी आळीपाळीनं चाचपल्या तर शंका येते, खात्री पटत नाही. एक १.६३ मिलिमीटर जाड, दुसरी १.८८. म्हणजे पाव मिलिमीटरचा फरक. लेथवाल्यांच्या भाषेत दहा थाऊ, म्हणजे इंचाचे दहा हजारांश. पोस्टकार्डाची जाडी साधारण तेवढी भरावी.

या पाव मिलिमीटरच्या मागं नानांची सगळी नोकरी सरली.

आमचं गाव अपशिंग्यापासून फार लांब नाही. तेच अपशिंगे मिलिटरी, जिथले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. आमच्या भागात पोरगं फौजेत जाणार हे गृहीतच असायचं. प्रश्न फक्त कुठल्या पलटणीत, एवढाच. नाना १९६३ साली भरती झाले. बासष्टचं युद्ध नुकतंच संपलेलं, भरतीला गर्दी. भावकीतले बहुतेक मराठा लाइट इन्फंट्रीत, बेळगावला. नानांचा हात मात्र यंत्रात चालायचा, म्हणून ते ईएमईत, फौजेची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात गेले, सिकंदराबादला, आणि आर्मोरर झाले. गावात हे कुणाला धड सांगता यायचं नाही. ‘बंदुका दुरुस्त करतो’ म्हटलं की लोकांचा चेहरा जरा पडायचा. लढणारा तो शिपाई. हा मिस्त्रीच की.

त्यांची पहिली दोस्ती थ्री-नॉट-थ्रीशी. १८८८ साली ब्रिटिशांनी स्वीकारलेलं हे काडतूस, मूळचं काळ्या दारूचं, पुढं कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूचं, आणि नाना भरती झाले तेव्हाही कोतात त्याच्याच रायफली ओळीनं उभ्या. (कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार. हा शब्द मी शाळेत एकदा वापरला तर मराठीच्या बाईंनी खोडला होता.) त्या काडतुसाच्या बुडाला पातळ काठ असतो, टाचेसारखा बाहेर आलेला. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, सरकलं की तो काठ त्या घराच्या तोंडाशी अडतो आणि मागून बोल्ट, म्हणजे ते घर बंद करणारा दांडा, येऊन त्याला टेकतो. नळी आणि बोल्ट यांच्यामध्ये त्या काठासाठी जेवढी जागा उरते, ती मोजायच्या या चकत्या. ‘गो’वर बोल्ट बंद झाला पाहिजे. ‘नो-गो’वर बंद होता कामा नये.

पहिली गोष्ट कुणालाही समजते. दुसरी समजायला मला बरीच वर्षं लागली, आणि मी तर गणित शिकवते. पोरांनी उदाहरण सोडवलं, उत्तर आलं, की त्यांच्या दृष्टीनं संपलं. चुकीचं उत्तर घालून समीकरण मोडतंय का, हे कोण बघतं?

नाना एक किस्सा सांगायचे. रिक्रूट पोरं व्हरांड्यात रायफली साफ करत बसलेली. फुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी), चिंदी, तेल. दोघांनी बोल्ट काढून शेजारी शेजारी ठेवले आणि उचलताना अदलाबदल झाली. दोघांचेही बोल्ट छान बसले, छान बंद झाले. कुणाला काही वाटलं नाही. उस्तादानं तपासणीत बोल्टच्या मुठीपाशी कोरलेला नंबर रायफलच्या नंबराशी ताडून बघितला तेव्हा कळलं. दोघांना रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या. एक पोरगं कुरकुरलं, “उस्ताद, बैठ तो रहा था!” उस्ताद म्हणाला, “बैठ तो तू भी मेरी कुर्सी पे जाएगा।”

हे नाना हिंदीतूनच सांगायचे. मराठीत सांगितलं की त्यांच्या मते त्यातली मजा जायची.

बार उडतो तेव्हा आत काय होतं, हे मला त्यांनी स्वयंपाकघरात शिकवलं. काडतुसाची पुंगळी पितळेची. तांबं सत्तर भाग, जस्त तीस. पितळच का? लोखंडाचं घर असताना आत पुन्हा पितळेचा डबा कशाला? तर दारू पेटली की एक-दोन हजारांश सेकंदात आत दाब चढतो आणि पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते. वायूला मागं यायला फट उरत नाही, सगळा जोर गोळीच्या बुडावर. गोळी बाहेर पडली, दाब उतरला, की पितळ किंचित आक्रसतं आणि पुंगळी सुटून बाहेर येते. लवचिकपणा त्याच्या जातीतच आहे. पण तो तेवढ्यापुरताच. चेंबरची भिंत जवळ आहे या भरवशावर ते फुगतं. भिंत लांब असली, किंवा बोल्ट मागं राहिला असला, तर पुंगळीची पुढची बाजू भिंतीला धरून बसते, बूड मागं ढकललं जातं आणि मधलं पितळ ताणतं. नाना रिकाम्या पुंगळ्या उन्हात धरून फिरवायचे. बुडाच्या जरा वर बारीक चमकदार कडं दिसलं की ती रायफल बाजूला. त्या कड्यावर पुंगळी तुटली तर वायू मागं येतो, आणि मागं माणसाचं तोंड असतं.

दाब किती? तर मोटारीच्या टायरात आपण तीस-बत्तीस पौंड हवा भरतो, त्याच मापानं थ्री-नॉट-थ्रीत चाळीस-पंचेचाळीस हजार पौंड.

आईच्या कुकरला एकदा दुसऱ्या कंपनीची रिंग आणली होती. बसली. शिट्टीही झाली. नानांनी गॅस बंद केला आणि ताटावरून उठून मोती चौकात गेले, त्या कुकरची रिंग घेऊन आले. आमटी गार झाली म्हणून आई दोन दिवस फुरंगटून होती. मला तेव्हा वाटलं, माणूस विक्षिप्त आहे. अजूनही थोडं वाटतंच. कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, नाना.

रायफलला नसतो, असं ते म्हणाले असते.

मला सगळ्यात गंमत वाटायची ती आकड्यांची. थ्री-नॉट-थ्री म्हणजे इंचाचा ०.३०३ भाग, पण त्याची गोळी मोजली तर ०.३११ भरते. कारण नावातला आकडा नळीच्या आतल्या उंचवट्यांमधल्या अंतराचा, गोळी मात्र खाचांमध्ये घट्ट बसेल एवढी. बासष्टनंतर इशापूरच्या रायफल फॅक्टरीनं त्याच जुन्या धाटणीची पण ७.६२ मिलिमीटरची रायफल काढली, टू-ए नावाची. पोलाद सुधारलेलं, मॅगझिन जरा चौकोनी, बाकी चेहरामोहरा थ्री-नॉट-थ्रीचाच. नानांच्या शब्दांत सख्खे जावळे भाऊ. पण एकाचं काडतूस ५६ मिलिमीटर लांब पुंगळीचं आणि काठवालं, दुसऱ्याचं ५१ चं आणि बिनकाठाचं. लांबून रायफल ओळखणाऱ्याला ते काडतूस द्यायचेच नाहीत. नळीवर, बॉडीवर काय कोरलंय ते वाचायचं, काडतुसाच्या बुडावर काय ठोकलंय ते वाचायचं, मग हात लावायचा.

आणि ७.६२ हे तरी एकच आहे का? भावकीतला एकजण काश्मीरहून सुट्टीवर आला होता, नव्वदच्या दशकात. ओट्यावर बसून एके-४७ चं कौतुक सांगत होता. बोलता बोलता म्हणाला, “गोळी तीच नाना, सात पॉइंट बासष्ट.” नाना नुकतेच पान लावत होते. चुन्याचं बोट तसंच हवेत राहिलं. “कुठली सात बासष्ट?” तो गडबडला. आपल्या फौजेच्या एसएलआर रायफलची पुंगळी ५१ मिलिमीटर, एकेची ३९. आडनाव एक, घरं दोन. पुढचा अर्धा तास त्या पोराची परीक्षा झाली. सुट्टीवरच्या जवानाचं असं करू नये, असं आई आतून म्हणत होती. तो मात्र जाताना पाया पडून म्हणाला, “पोस्टिंगवर गेल्यावर पहिल्यांदा बुडं वाचणार.”

आता आबांच्या बंदुकीबद्दल. खरं म्हणजे चकत्या हातात आल्यापासून मला तिच्याबद्दलच लिहायचं होतं.

आबा म्हणजे नानांचे थोरले भाऊ. गावाकडची शेती त्यांनी सांभाळली. डोंगराच्या कडेला भुईमूग, आणि भुईमुगाला रानडुकरं. एका रात्रीत दहा गुंठे नांगरून टाकतात. आबांकडं पीकसंरक्षणाचा परवाना होता आणि आजोबांच्या वेळची विलायती दुनळी होती, बारा बोअर. परवानगीशिवाय डुकराला मारायचं नसतं, कायदाच आहे. आबा हवेत बार काढायचे, कळप पांगायचा. गावात त्या बंदुकीला मान होता. दसऱ्याला पूजा, एरवी कपाटात, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा आणि निकालानंतर परत.

बारा बोअर या नावातही एक जुना हिशेब आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती नळी बारा बोअर. म्हणून वीस बोअर बारापेक्षा बारीक. आकडा मोठा, नळी लहान. माझ्या सातवीच्या वर्गाला व्यस्त प्रमाण शिकवताना मी हेच उदाहरण देते. पोरं एकदम जागी होतात.

त्या वर्षी आबांनी शहरातल्या दुकानातून काडतुसांची नवी पेटी आणली. परवान्यावर लिहिलेलं बारा बोअर, पेटीवर लिहिलेलं बारा बोअर. दुकानदारानं परवाना बघून दिली, आबांनी सही करून घेतली. कागदोपत्री सगळं चोख. नाना गौरी-गणपतीला गावी गेले होते, मीही होते. नानांनी सवयीनं पेटी उलटी करून वाचली आणि विचारलं, “दादा, किती काढलं यातलं?”

“धा-बारा. का रं?”

“हे सत्तरचं हाय.”

“बाराचंच हाय. बसतंय की!” आबांनी बंदूक बिजागरीत मोडून एक काडतूस टाकून दाखवलं. खरंच, गुपचूप जाऊन बसलं. वर जागाही उरली.

नानांनी ते काढलं, खिशात ठेवलं, आणि काही न बोलता बंदुकीची नळी दस्त्यापासून सोडवली. नळीच्या खालच्या सपाट अंगावर, बंदूक जोडलेली असताना कधीच दिसत नाही अशा जागी, विलायतेच्या प्रूफ हाउसचे बारीक शिक्के होते. तिकडं प्रत्येक नळी आधी जास्तीच्या दारूनं तपासतात आणि टिकली तरच शिक्का मारतात. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासून हेच करतंय. १९२५ नंतरच्या शिक्क्यांत चेंबरची लांबीही असते. शिक्क्यात होतं अडीच इंच, काडतुसांच्या बाजारात ज्याला ६५ मिलिमीटर म्हणतात. पेटीवर होतं ७० मिलिमीटर, म्हणजे पावणेतीन इंच.

“मग बसलं कसं?” हे मी विचारलं. आबांनी विचारलं नसतं.

नानांनी आबांच्या अंगणातच पडलेली एक उडवलेली पुंगळी उचलली, आणि माझ्या कंपासपेटीतली पट्टी मागितली. भरलेलं काडतूस मोजलं: अठ्ठावन्न-एकोणसाठ मिलिमीटर. रिकामी पुंगळी मोजली: सत्तर. भरलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, चुण्या घातलेलं. बार उडाला की त्या पाकळ्या उघडून सरळ होतात आणि काडतूस लांब होतं. पेटीवर छापलेली लांबी ही उघडल्यानंतरची. म्हणजे पेटीवरचा आकडा रिकाम्या पुंगळीचा असतो, आणि आपण भरलेलं काडतूस घालून बघतो!

मी पट्टी हातात धरून तशीच उभी राहिले. इतकं साधं, आणि इतकं लबाड.

पासष्टच्या घरात सत्तरचं तोंड उघडायला जागा नाही. चेंबर संपून नळी सुरू होते तिथं एक निमुळता गळा असतो. पाकळ्या त्या गळ्यात जाऊन उघडतात. नेमक्या त्याच क्षणी छर्रे आणि बूच तिथून जायला धडपडतात. वाट अरुंद, मागून दाब चढलेला. बारा बोअरचा दाब रायफलीच्या मानानं कमी, दहा-अकरा हजार पौंड. पण शंभरीकडं झुकलेल्या दुनळीला तोही हिशेबात दिलेला असतो. त्यावरचा जादा दाब ती बिजागरीतून, लाकडातून, नळीच्या पत्र्यातून सोसते.

“धा-बारा काढलं, कायसुदिक झालं न्हाई,” आबा म्हणाले.

“त्येच वंगाळ झालं,” नाना म्हणाले. “पयल्यालाच काय झालं असतं तर दुसरं घातलं नसतंस.” मग त्यांनी नळी जोडून बंदूक उजेडाकडं धरली. नळी आणि मागची तबकडी यांच्यामध्ये उजेडाची केसाएवढी रेघ दिसत होती. ती आधीपासून होती की या दहा-बारा बारांनी पडली, कोण सांगणार.

आबांचा अपमान झाला होता. धाकट्या भावानं, पोरीसमोर, वाडवडिलांच्या बंदुकीत खोट काढली होती. ते उठून गोठ्यात गेले. त्या गणपतीत दोघं भाऊ आरतीला शेजारी उभे राहून एकमेकांशी बोलले नाहीत, आणि दिवाळीचा फराळही चुलत्यांकडून आला तो पोराबरोबर. नानांनी ती उरलेली पेटी दुकानात परत द्यायला लावली आणि पासष्टची शोधून आणली. त्यात त्यांचा महिना गेला. आबांनी ती घेतली, पण आभार मानले नाहीत. आमच्याकडं आभार मानायची पद्धतच नाही म्हणा.

पेटी वाचली त्याच रात्री जेवल्यावर नानांनी मला वीस बोअरची गोष्ट सांगितली. चुकून वीसचं काडतूस बारा बोअरमध्ये टाकलं तर ते चेंबरमध्ये थांबत नाही. पुढं घसरत जातं आणि त्या निमुळत्या गळ्यात काठावर अडकतं. मागून बघितलं तर चेंबर मोकळं दिसतं. चाप ओढला, आवाज नाही. माणसाला वाटतं, भरायचंच राहिलं. तो बाराचं काडतूस घालतो, ते व्यवस्थित बसतं, कारण त्याची जागा मोकळीच आहे. आता नळीत एकामागं एक दोन. हा बार उडतो तेव्हा नळी फाटते, आणि ती फाटते नेमकी तिथं, जिथं डाव्या हातानं बंदूक पेललेली असते. म्हणून तर वीस बोअरच्या काडतुसाला पिवळा रंग देण्याची चाल पडली. हाताला अंधारात नाही, पण डोळ्याला उजेडात तरी कळावं. नानांचा स्वतःचा नियम याहून सोपा होता: एका खिशात, एका टेबलावर, एका कपाटात दोन बोअरची काडतुसं कधी ठेवायची नाहीत.

“जे बसतच न्हाई त्याचं भ्या न्हाई बग,” ते म्हणाले होते. “ते तुला आपसूक थांबवतं. ध्यान ठेवायचं ते बसणाऱ्यावर.”

माझ्यासाठी स्थळं बघायला लागले तेव्हा घरात हा विनोद झाला होता. मुलगा चांगला, नोकरी चांगली, पत्रिका जुळते. आई म्हणायची, सगळं बसतंय. नाना म्हणायचे, नो-गो लावून बघितलं का? म्हणजे काय करायचं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. एका स्थळाला मात्र त्यांनी नुसतं विचारलं, तुम्हाला कशाचा राग येतो? मुलगा म्हणाला, मला राग येतच नाही. नानांनी चहा संपवला आणि घरी येऊन नकार कळवला.

आबा नानांच्या आधी गेले, चार वर्षांपूर्वी. बंदूक ठाण्यात जमा झाली. वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करता येतो, पण आबांचा मुलगा हिंजवडीला, त्याला बंदूक नको आणि भुईमूगही नको. मध्ये त्यानं फोन केला: “ताई, ती बंदूक देऊन टाकायचं ठरवलंय, दुकानदार तयार आहे. मला रजा नाही. कागद सगळे केलेत, तू फक्त ठाण्यात माझ्या माणसाबरोबर उभी राहशील का? नळीबिळी तुलाच कळतं.” मला काय कळतं! पण गेले.

पाऊस होता. मुद्देमालाच्या खोलीतून हवालदारांनी ती आणली. दस्त्याला आबांच्या हाताचा काळपटपणा अजून होता. रजिस्टर उघडून त्यांनी विचारलं, “बोअर?”

“बारा.”

“नळ्या?”

“दोन.”

नंबर ताडला. रकाने भरले. ते वही मिटायला लागले तेव्हा मी म्हटलं, एक मिनिट. पर्समधून जाड कागदाची एक चिठ्ठी काढली. सकाळीच लिहून ठेवली होती, नानांच्या पद्धतीनं, ठळक, देवनागरी आकड्यांत: चेंबर ६५ मि.मी., ७० चं घालू नये. दोऱ्यानं ती चापाच्या कड्याला बांधली.

“हे कुठल्या रकान्यात घ्यायचं?” हवालदारांनी वही माझ्याकडं फिरवली. खरंच रकाना नव्हता. शेवटी त्यांनी ‘शेरा’ खाली बारीक अक्षरात चिठ्ठी जशीच्या तशी उतरवली आणि पेन कानावर अडकवून म्हणाले, “पण मॅडम, बारा बोअर म्हणजे बारा बोअरच ना? आमच्या गावाकडं कुठलंबी घालत्यात. बसतंय की.”

मी त्यांच्याकडं पट्टी आहे का, असं विचारलं.